बेमबेम देवीला फुटबॉलने काय दिलं? सोलापुरातल्या एका आईला उत्तर

ताई, तुमचा प्रश्न वाचणाऱ्या सगळ्यांना कळावा म्हणून आधी थोडक्यात सांगते. मुलगी बारा वर्षांची, सातवीत. शाळेत तिने मणिपूरची फुटबॉलपटू ओइनाम बेमबेम देवी हिच्यावर भाषण केलं, बक्षीस मिळालं आणि तेव्हापासून 'मी फुटबॉलच खेळणार' हा हट्ट सुरू आहे. यजमान यंत्रमागावर, तुम्ही युनिफॉर्मच्या कारखान्यात शिलाईला. यजमान म्हणतात, पद्मश्री एकीला मिळते, बाकीच्यांचं काय? आणि तुम्ही विचारता की त्या बाईला खेळून नक्की मिळालं काय, अन् सोलापुरात राहून आपल्या पोरीला त्यातलं काय मिळू शकतं.

मला यजमानांचा प्रश्न जास्त आवडला. तो भाषणाच्या वहीत नसतो. मी स्वतः विद्यापीठ संघाकडून खेळले, आता बरीच वर्षं सोलापुरात मुलींना शिकवते, आणि माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक वडिलांच्या मनात तोच असतो. तेव्हा बेमबेमची कारकीर्द आपण पुरस्कारांच्या यादीसारखी न वाचता जरा हिशेबाच्या वहीसारखी वाचू.

ती ४ एप्रिल १९८० ची, इम्फाळची. आठ-नऊ वर्षांची असल्यापासून मुलांबरोबर खेळायची. मुलांच्या स्पर्धेत समोरच्या संघाला कळू नये म्हणून तिचे साथीदार तिला बोबो, अमको अशी मुलाची नावं द्यायचे. घरी सुरुवातीला वडिलांना हे पसंत नव्हतं. त्यांना तिने अभ्यास करावा असं वाटायचं. १९९३च्या सुमारास ती मणिपूरच्या मुख्य संघात आली आणि १९९५ साली, पंधराव्या वर्षी, मलेशियात झालेल्या आशियाई स्पर्धेत गुआमविरुद्ध भारतासाठी पहिला सामना खेळली. शेवटची मोठी स्पर्धा फेब्रुवारी २०१६ची, शिलाँगची दक्षिण आशियाई स्पर्धा. अंतिम सामन्यात भारताने नेपाळला ४-० हरवलं आणि सुवर्णपदक घेऊन ती थांबली. म्हणजे पंधरा ते पस्तीस, वीस वर्षांहून जास्त काळ मधल्या फळीत. मैदानात सगळ्यात जास्त पळावं लागतं ते तिथेच.

आता या वीस वर्षांत तिच्या आजूबाजूला काय होतं ते बघा. १९९८च्या बँकॉक आशियाई क्रीडा स्पर्धेत चीनने आपल्या महिला संघाला १६-० हरवलं. २००९ साली भारतीय महिला संघाचं नाव फिफाच्या क्रमवारीतून निघालं, कारण दीड वर्षाहून जास्त काळ संघ एकही आंतरराष्ट्रीय सामना खेळलेला नव्हता. हरला म्हणून नाही, खेळलाच नाही म्हणून. त्या वर्षी बेमबेम एकोणतीस वर्षांची होती. खेळाडूच्या आयुष्यातली ही ऐन उमेदीची वर्षं, आणि देशाकडे तिला द्यायला सामनाच नव्हता.

पुरुषांची राष्ट्रीय लीग १९९६ साली सुरू झाली. महिलांची, म्हणजे इंडियन विमेन्स लीग, २०१६-१७ च्या मोसमात. मधे वीस वर्षं गेली आणि ही वीस वर्षं म्हणजे तिची अख्खी कारकीर्द. पहिल्या लीगच्या अंतिम फेरीत सहा संघ होते, त्यात आपल्याकडचा एफसी पुणे सिटीही होता. जिंकलं मणिपूरच्या ईस्टर्न स्पोर्टिंग युनियनने, आणि त्या संघाची धुरा बेमबेमकडे होती. पण तोवर ती देशासाठी खेळायची थांबली होती. त्याआधी २०१४ साली, चौतिसाव्या वर्षी, ती मालदीवच्या न्यू रेडियंट क्लबकडून खेळून आली. चांगला क्लब-करार मिळण्याचं वय खरं म्हणजे बावीस-पंचवीस.

मग वीस वर्षं घर कसं चाललं? पोलिसांत. मणिपूर पोलिसांत तिला नोकरी होती. यजमानांना सांगायची खरी गोष्ट हीच आहे. तिचा महिन्याचा पगार फुटबॉलच्या क्लबमधून आला नाही, गणवेशातून आला, आणि फुटबॉल चांगलं होतं म्हणून तो गणवेश मिळाला. रेल्वे, पोलीस, निमलष्करी दलं यांच्या संघांनी या देशात बायकांचं फुटबॉल जगवलं. तिच्या मागून आलेली बाला देवी, जी २०२० साली स्कॉटलंडच्या रेंजर्सशी करार करून युरोपात व्यावसायिक फुटबॉल खेळायला गेली, तीही मणिपूर पोलिसांतलीच.

मानसन्मान आले, पण उशिरा. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाचा वर्षातल्या सर्वोत्तम महिला खेळाडूचा पुरस्कार तिला २००१ आणि २०१३ असा दोनदा मिळाला. अर्जुन पुरस्कार २०१७ साली, निवृत्तीनंतर. तिच्याआधी हा पुरस्कार मिळालेली महिला फुटबॉलपटू एकच, बंगालची शांती मलिक, १९८३ साली. मधे चौतीस वर्षं कोणीच नाही. २०२०ला पद्मश्री, भारतीय महिला फुटबॉलपटूला मिळालेली पहिली. तिला 'भारतीय फुटबॉलची दुर्गा' म्हणतात. मला ते फारसं रुचत नाही. देवी केली की तिला पगार, मैदान आणि फिजिओ लागतो हे विसरायला सोपं जातं. असो.

हे सगळं वाचून तुम्हाला वाटेल, मग बाई इतकी मोठी झाली कशी? भाषणात बहुतेक 'जिद्द' आली असेल. जिद्द होतीच. पण मणिपूरमध्ये जिद्दीच्या जोडीला एक व्यवस्था होती, आणि तुमच्या मुलीसाठी मला तीच जास्त महत्त्वाची वाटते. तिथे प्रत्येक लेइकाईचा, म्हणजे वस्तीचा, स्वतःचा क्लब असतो. मैदान घराजवळ असतं आणि संध्याकाळी खेळायला आपल्यापेक्षा वरचढ कोणीतरी रोज भेटतं. इम्फाळचा इमा कैथेल हा बाजार पूर्णपणे बायकांच्या हातात आहे. बाई चारचौघांत, उघड्यावर, स्वतःच्या बळावर काहीतरी करते हे तिथे नवल नाही. महिलांची वरिष्ठ राष्ट्रीय स्पर्धा मणिपूरने २०हून अधिक वेळा जिंकली आहे ती काय हवा-पाण्यामुळे नाही. मुलांसोबत रोज खेळलेली पोर पहिला स्पर्श नीट घ्यायला शिकते, कारण नाही घेतला तर चेंडू तिला परत मिळतच नाही. मधल्या फळीतल्या खेळाडूला वीस वर्षं टिकवणारी गोष्ट वेग नसते. चेंडू पायात यायच्या आधी मान वळवून आजूबाजूला बघायची सवय असते, आणि ती सवय गर्दीत खेळूनच लागते.

सोलापुरात ही व्यवस्था नाही. कोल्हापुरात पेठांचे संघ आहेत, शाहू स्टेडियमवर लीग बघायला गाव लोटतं. आपल्याकडे पार्क स्टेडियम म्हटलं की लोकांना क्रिकेटच आठवतं. होम मैदानावर जानेवारीत गड्डा, म्हणजे सिद्धेश्वराची जत्रा, भरतो, तेव्हा पाळणे आणि भाग्यश्री वडा यांच्यापुढे आमच्या सरावाची काय कथा! (मलाही गड्डा आवडतो, तक्रार फक्त तारखांची आहे, कारण स्पर्धाही नेमक्या हिवाळ्यातच असतात.) जमीन काळी. पावसाळ्यात बुटाला चिखलाचा लाडू, उन्हाळ्यात भेगा. एप्रिल-मे मध्ये पारा त्रेचाळीस-चव्वेचाळीसला जातो, तेव्हा सराव सकाळी सहाला सुरू करून आठच्या आत संपवावा लागतो.

पण आपल्याकडे एक गोष्ट आहे जिची किंमत आपल्यालाच नाही, ती म्हणजे खो-खो. वेळापूर, वाडीकुरोलीकडच्या मुली बघा. अचानक दिशा बदलणं, कंबर खाली ठेवून वळणं, समोरच्याला हूल देणं हे सगळं त्यांना येतं आणि फुटबॉलला नेमकं हेच लागतं. शाळेत खो-खो असेल तर तो सोडायला लावू नका. बारा वर्षांच्या पोरीला एकाच खेळाला जुंपायची काही गरज नाही. चौदापर्यंत दोन्ही चालू दे. माझ्याकडच्या मुलींत ज्यांचा तोल उत्तम आहे त्या बहुतेक खो-खोतून आलेल्या आहेत, आणि ज्या नववीत कंटाळून खेळ सोडतात त्या बऱ्याचदा फार लहानपणापासून एकच खेळ खेळलेल्या असतात.

दुसरं, ती मुलांबरोबर खेळते म्हणून शेजारीपाजारी बोलत असतील तर बोलू द्या. लहान वयात मिसळून खेळणं आता अधिकृत आहे. महासंघाने २०१८ पासून सहा ते बारा वयोगटासाठी बेबी लीग सुरू केल्या त्यात मुलगे-मुली एकत्रच खेळतात. बेमबेमला नाव बदलावं लागलं, तुमच्या मुलीला लागणार नाही. बाराच्या पुढे शाळेच्या स्पर्धांत मुलींचा गट वेगळा होतो, सुब्रतो कपमध्येही सतरा वर्षांखालील मुलींची वेगळी स्पर्धा असते, पण सरावात मुलांसोबत खेळत राहिलं तर फायदाच आहे. फक्त प्रशिक्षक मैदानावर हजर हवा आणि कपडे बदलायला, लघवीला जायला बंद दाराची जागा हवी. क्लब बघायला गेलात तर चषकांच्या कपाटाआधी हे बघा. मुलींचा सराव चालू असताना दुसरी एखादी मोठी बाई तिथे असते का, हेही विचारा. हे विचारलं म्हणून ज्याला राग येतो त्याच्याकडे पोरीला पाठवू नका.

आता गुडघा. यावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण मैदान सोडलेल्या चांगल्या मुली मी ज्या बघितल्या त्यांत गुडघ्यामुळे सोडलेल्या फार. गुडघ्याच्या आत एसीएल नावाचा अस्थिबंध असतो. वळताना किंवा उडी मारून खाली येताना गुडघा आत कलला की तो फाटतो. वयात आल्यावर मुलींना हा धोका मुलांच्या साधारण दोन ते तीन पट असतो. फाटला तर शस्त्रक्रिया, नऊ महिने ते वर्षभर बाहेर, आणि आपल्यासारख्या घरात तो खर्च म्हणजे खेळाचा शेवटच. यावर उपाय स्वस्त आहे. फिफाचा '११ प्लस' म्हणून वीस मिनिटांचा वॉर्मअप आहे: हळू पळणं, मग एका पायावर तोल, मांडीमागच्या स्नायूंचा व्यायाम, उड्या आणि गुडघा पायाच्या बोटांच्या रेषेत ठेवून उतरणं, शेवटी वेगाने पळून दिशा बदलणं. नॉर्वेत तेरा ते सतरा वर्षांच्या मुलींच्या संघांवर याचा मोठा अभ्यास झाला, तो २००८ साली प्रसिद्ध झाला. हा वॉर्मअप करणाऱ्या संघांत दुखापती साधारण एक तृतीयांशाने कमी आणि गंभीर दुखापती जवळपास निम्म्याने कमी निघाल्या. यासाठी काहीही विकत आणावं लागत नाही. प्रशिक्षक मैदानाला दोन चकरा मारायला लावून थेट सामना खेळवत असेल तर त्याला '११ प्लस' विचारा. आपल्या कडक मैदानावर लांब खिळ्यांचे बूटही नको. खिळा भेगेत अडकतो, पाय तिथेच राहतो आणि अंग वळतं. बारीक रबरी गुट्ट्यांचे टर्फ बूट घ्या, ते स्वस्तही पडतात. वाढत्या पायाला दोन नंबर मोठे बूट घ्यायची आपली पद्धत मात्र इथे सोडा.

त्याच्याइतकंच महत्त्वाचं, रक्त. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत देशातल्या पंधरा ते एकोणीस वयाच्या मुलींपैकी ५९ टक्के मुलींत रक्त कमी आढळलं. 'पोरगी दुसऱ्या हाफमध्ये मेलेली असते, मन नाही तिचं खेळात' असं प्रशिक्षक म्हणतो तेव्हा बऱ्याचदा मन जागेवर असतं, हिमोग्लोबिन नसतं. पाळी सुरू झाली की वर्षातून एकदा सीबीसी ही रक्ताची तपासणी करून घ्या, सरकारी दवाखान्यात होते. खाण्याचं म्हणाल तर पावडरीचे डबे विकत घेऊ नका. ज्वारीची भाकरी, शेंगाचटणी, हुलग्याचं माडगं, पालेभाजीवर लिंबू, अंडं चालत असेल तर अंडं. सरावानंतर अर्ध्या-पाऊण तासात काहीतरी पोटात गेलं पाहिजे, एवढंच बघा. चहा मात्र जेवणासोबत नको, त्याने अन्नातलं लोह अंगी लागत नाही.

पैशाचं आज काय चित्र आहे? बेमबेमच्या काळापेक्षा बरं आहे, पण भुलून जाण्यासारखं नाही. २०२३ साली महासंघाने ठरवलं की विमेन्स लीगच्या वरच्या गटातल्या प्रत्येक क्लबने किमान दहा भारतीय खेळाडूंशी व्यावसायिक करार करावा आणि वर्षाला किमान ३ लाख २० हजार रुपये द्यावेत. महिन्याला साडेसव्वीस हजारांच्या आसपास. देशभरातल्या मोजक्या क्लबांत, प्रत्येकी दहा जागा. पंजाबची मनीषा कल्याण २०२२ साली सायप्रसच्या क्लबकडून युरोपच्या चॅम्पियन्स लीगमध्ये खेळली, तिथवर जाणारी ती पहिली भारतीय. जुलै २०२५मध्ये आपल्या मुलींनी थायलंडला त्यांच्याच देशात २-१ हरवून २०२६च्या आशियाई चषकात जागा मिळवली, तीही पात्रता फेरीतून पहिल्यांदाच. दार उघडतंय. पण क्लबवर भरवसा ठेवून घराचा हप्ता ठरवू नका. त्या पहिल्या लीगमध्ये खेळलेला एफसी पुणे सिटी २०१९ साली बंदच झाला.

म्हणून मी पालकांना बेमबेमचा पोलिसातला रस्ता दाखवते. महाराष्ट्रात शासकीय नोकरीत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे, पोलीस भरतीतही आहे. दहावी-बारावीला राज्य-राष्ट्रीय पातळीवर खेळल्याचे वाढीव गुण मिळतात. पण त्यासाठी स्पर्धा मान्यताप्राप्त हवी आणि प्रमाणपत्राची क्रीडा खात्याकडून पडताळणी व्हावी लागते. सोलापुरात एखाद्या मंडपात भरलेल्या 'अखिल भारतीय' स्पर्धेचा मोठा चकचकीत चषक शोकेसमध्ये छान दिसतो, भरतीच्या टेबलावर त्याला कोणी विचारत नाही. शालेय स्पर्धा जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांमार्फत, आणि महासंघाच्या स्पर्धा जिल्हा संघटनेमार्फत, या दोनच रांगांत उभं राहा. राज्याची संघटना वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशन आहे. मुलीची नोंदणी महासंघाच्या ऑनलाइन यंत्रणेत झाली का, हे क्लबला विचारा आणि तिचा नोंदणी क्रमांक स्वतः लिहून ठेवा.

खेळणं संपल्यावर काय, हेही यजमान विचारतीलच. बेमबेम प्रशिक्षणाकडे वळली. अठरानंतर महासंघाचे प्रशिक्षकाचे परवाने टप्प्याटप्प्याने करता येतात. मुलींच्या शाळांना बाई प्रशिक्षक हवी असते आणि ती मिळत नाही. पंच होणं हा दुसरा मार्ग. गोव्याची उवेना फर्नांडिस फिफाची सहायक पंच होऊन सतरा वर्षांखालील मुलींच्या विश्वचषकापर्यंत पोचली. धावायची सवय आणि नियमांची आवड असेल तर ही वाट मुलींना अजून बरीच मोकळी आहे.

अभ्यासाबद्दल मी कडक आहे. वार्षिक परीक्षेच्या महिन्यात माझ्याकडे सराव आठवड्यातून तीनच दिवस असतो. पण 'पेपर कमी पडला, आता फुटबॉल बंद' ही शिक्षा घरात लावू नका. शिक्षा म्हणून बंद झालेला खेळ मुलीच्या बाबतीत सहसा पुन्हा सुरू होत नाही, हे मी बघितलंय. मुलाचा होतो.

आता लगेच करायचं काम, आणि हे कागदाचं आहे. आपल्या पूर्व भागातल्या तेलुगू घरांत आडनाव मराठी शाळेत एक लिहिलेलं असतं, इंग्रजीत दुसरं, आधारवर तिसरं. कुठे आडनाव आधी, कुठे वडिलांचं नाव आधी. राज्य निवड चाचणीला पोचलेल्या मुली एवढ्यावरून परत आलेल्या आहेत. जन्मदाखला, आधार आणि शाळेचा बोनाफाईड या तिन्हींवर एकच नाव, एकच स्पेलिंग, एकच जन्मतारीख आहे का ते या आठवड्यात बघा. फरक असेल तर शाळेच्या जनरल रजिस्टरमधली दुरुस्ती दहावीच्या आत करून घ्या, नंतर ते फार किचकट होतं. जन्मदाखला महापालिकेतून इंग्रजी-मराठी दोन्ही मजकुराचा काढा आणि त्याच्या चार-पाच प्रती करून ठेवा. मूळ कागद क्लबकडे ठेवायला देऊ नका, कोणी कितीही ओळखीचा असला तरी.